ॲम्फिथिएटर म्हणजे नेमके काय? तेर, पाँपेई आणि कोल्हापूरच्या खासबागेतून जाणारी एका शब्दाची वाट

१/२६
महाराष्ट्रातील एखाद्या नव्या उद्यानात, महाविद्यालयाच्या आवारात किंवा कंपनीच्या संकुलात अर्धगोलाकार पायऱ्या आणि समोर छोटासा ओटा दिसला, की त्या जागेला हमखास 'ॲम्फिथिएटर' म्हटले जाते. शब्दाच्या मूळ अर्थाने ती रचना ॲम्फिथिएटर नाही. ते साधे थिएटर आहे. मग खरे ॲम्फिथिएटर कशाला म्हणावे? आणि अर्धे वर्तुळ व पूर्ण वर्तुळ या फरकाला इतिहासात एवढे महत्त्व का? त्याविषयीचा हा धागा. #थ्रेड #इतिहास #शब्दांचा_प्रवास

२/२६
सुरुवात वाशीपासून करू. नवी मुंबईतील वाशी नव्हे. धाराशिव जिल्ह्यातील, बालाघाटाच्या पठारावरचा वाशी तालुका. या भागात गावची जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. मऊ केलेली माती, तिच्याभोवती रिंगण धरून बसलेली माणसे, हलगीचा कडकडाट. आधी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या आणि शेवटी इनामाची मोठी कुस्ती. येथे पायऱ्या नाहीत, भिंत नाही, तिकीट नाही. तरीही ग्रीक शब्दाच्या कसोटीवर हा फड उद्यानातल्या त्या अर्धगोल पायऱ्यांपेक्षा ॲम्फिथिएटरच्या कितीतरी जवळ जातो.

३/२६
कारण शब्दातच आहे. ग्रीक भाषेत 'थेआ' म्हणजे पाहणे, दृश्य. त्यावरून 'थेआट्रोन' म्हणजे पाहण्याची जागा. नट उभा राहतो ती जागा नव्हे, तर प्रेक्षक बसतो ती जागा, हा त्याचा पहिला अर्थ. 'अम्फी' म्हणजे दोन्ही बाजूंनी, सभोवती. म्हणून 'ॲम्फिथिएटर' म्हणजे जिथे सर्व बाजूंनी बसून पाहता येते अशी जागा. ग्रीक थिएटर टेकडीच्या उतारावर अर्धवर्तुळात कोरलेले असे. ॲम्फिथिएटर पूर्ण वर्तुळाचे किंवा लंबवर्तुळाचे.

४/२६
दोन अर्धवर्तुळे जोडली की एक वर्तुळ होते, हे केवळ भूमितीतील विधान नाही. रोमन लेखक प्लिनी एक विलक्षण हकिगत नोंदवतो. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्यावर क्यूरिओ नावाच्या राजकारण्याने लाकडाची दोन थिएटरे बांधली. दोन्ही खुंट्यांवर फिरणारी. सकाळी ती पाठीला पाठ लावून उभी असत, म्हणजे एका नाटकाचा गलका दुसऱ्याला ऐकू जाऊ नये. दुपारी ती प्रेक्षकांसकट फिरवून समोरासमोर आणली जात आणि मधल्या वर्तुळात ग्लॅडिएटरांच्या झुंजी होत.

५/२६
प्लिनीला कौतुकापेक्षा संतापच अधिक आहे. जगज्जेते म्हणवणारे लोक दोन खुंट्यांवर तोललेल्या फळ्यांवर बसून टाळ्या वाजवत आहेत, झुंजणाऱ्यांच्या जिवापेक्षा पाहणाऱ्यांचाच जीव अधिक धोक्यात आहे, असा त्याच्या म्हणण्याचा रोख आहे. या हकिगतीतला बारकावा मात्र महत्त्वाचा आहे. सकाळी त्या माणसांना समोर फक्त रंगमंच दिसत होता. दुपारी त्यांना मैदानापलीकडे एकमेकांचे चेहरे दिसू लागले. थिएटर आणि ॲम्फिथिएटर यांतला खरा भेद येथे आहे.

६/२६
आणखी एक गंमत. आज ज्ञात असलेले सर्वांत जुने दगडी ॲम्फिथिएटर इटलीतील पाँपेई येथे आहे, ते इ.स.पू. ७० च्या सुमाराचे. पण त्याच्या बांधकामाच्या शिलालेखात 'ॲम्फिथिएटर' हा शब्दच नाही! तेथे शब्द आहे 'स्पेक्टाक्युला', म्हणजे पाहण्याच्या जागा. ग्रीकवरून घडवलेला नवा शब्द लॅटिनमध्ये रुळला तो पुढे, सम्राट ऑगस्टसच्या काळापर्यंत. वास्तू आधी आली, तिचे नाव मागाहून आले. शब्दांच्या इतिहासात असे वारंवार घडते.

७/२६
त्या शिलालेखातील दुसरा तपशील अधिक बोलका आहे. क्विंक्टियस व्हाल्गस आणि मार्कस पोर्सियस या दोन अधिकाऱ्यांनी स्वखर्चाने ही वास्तू बांधली आणि ही जागा वसाहतकऱ्यांना कायमची दिली, असे तो सांगतो. वसाहतकरी म्हणजे युद्धानंतर पाँपेईत आणून वसवलेले रोमन सैनिक. गावातील मूळच्या रहिवाशांचा त्यात उल्लेख नाही. पाहण्याची जागा कोणाच्या मालकीची, हा प्रश्न या वास्तूच्या जन्मापासूनच तिला चिकटलेला आहे.

८/२६
येथे पाँपेईची आणि धाराशिव जिल्ह्याची गाठ पडते. १९३८ साली पाँपेईच्या उत्खननात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उंची साधारण २५ सेंटिमीटर. 'पाँपेईची लक्ष्मी' या नावाने ती प्रसिद्ध आहे, जरी अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती महाराष्ट्रात दोन ठिकाणी मिळाल्या: जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर. वाशी ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील तेर.

९/२६
तेर म्हणजे प्राचीन तगर. इ.स.च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक नाविक-मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख आहे: भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, एक फार मोठे नगर. तेथून गाड्यांवर लादून कापड भडोचच्या बंदराकडे जाई. हे तगर नेमके कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. अखेर जे. एफ. फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते तेर असल्याचे दाखवून दिले.

१०/२६
तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंतून गावातले संग्रहालय उभे राहिले. तेथील हस्तिदंती मूर्ती, रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदके आणि पांढऱ्या मातीच्या बाहुल्या पाहिल्या, की बालाघाटाच्या पायथ्याशी भूमध्यसागराची चाहूल लागते. पाँपेईची मूर्ती नेमकी कोठे घडली हे वादग्रस्त आहे. पण ज्या शहरात ती पोचली, त्याच शहरात सर्वांत जुने दगडी ॲम्फिथिएटर होते, हे निर्विवाद आहे.

११/२६
त्या ॲम्फिथिएटरमध्ये इ.स. ५९ साली काय घडले, ते इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवले आहे. पाँपेईकर आणि शेजारच्या न्यूकेरिया गावचे लोक झुंज पाहायला जमले होते. आधी टोमणे, मग शिव्या, मग दगड, शेवटी शस्त्रे. खेळ मैदानात राहिला आणि युद्ध प्रेक्षकांत पेटले. न्यूकेरियाची कित्येक माणसे जखमी झाली वा मारली गेली. रोमच्या सेनेटने पाँपेईत अशा खेळांवर दहा वर्षांची बंदी घातली.

१२/२६
या दंगलीचे भित्तिचित्रही पाँपेईतील एका घरात सापडले. वरून पाहिल्यासारखे दिसणारे गोल ॲम्फिथिएटर आणि आतबाहेर हाणामारी करणारी माणसे. आज ते चित्र नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. आणि ती भारतीय हस्तिदंती मूर्तीही त्याच संग्रहालयात आहे. एका छताखाली दोन साक्षी: दूरच्या देशातील वस्तू जिव्हाळ्याने घरात ठेवणारे पाँपेई, आणि शेजारच्या गावावर तुटून पडणारे पाँपेई.

१३/२६
पुढे इ.स. ८० मध्ये रोमचे कलोसियम खुले झाले. १८८ मीटर लांब, १५६ मीटर रुंद, सुमारे ५० हजार प्रेक्षक. वर्तुळ म्हटले की समतेची कल्पना मनात येते. रोमन वर्तुळ मात्र पायरीपायरीने विषम होते. सर्वांत खाली, मैदानालगत सेनेटर, त्यांच्यामागे धनिक, मग नागरिक, सर्वांत वर गरीब आणि स्त्रिया. ऑगस्टसने स्त्रियांना झुंजी पाहण्यासाठी वरच्या रांगांत धाडले होते. साम्राज्याची उतरंड दगडात बसवलेली होती आणि वर्तुळामुळे ती सर्वांना सतत दिसत होती.

१४/२६
मधल्या जागेला लॅटिनमध्ये 'हरेना' म्हणत. अर्थ: वाळू. सांडलेले रक्त शोषले जावे म्हणून वाळू अंथरलेली असे. त्यावरूनच इंग्रजी 'अरीना'. मराठीचा 'आखाडा' संस्कृत 'अक्षवाट' पासून आला, आणि कोल्हापूरकडचा कुस्तीचा 'हौद' अरबीतून. आपल्या हौदातील लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू मिसळतात. पडणाऱ्याचे अंग राखावे हा हेतू. एकीकडे रक्त टिपणारी वाळू, दुसरीकडे त्वचा जपणारी माती. मात्र राजकारणासाठी दोन्ही भाषांनी तोच शब्द निवडला: इंग्रजीत 'पोलिटिकल अरीना', मराठीत 'निवडणुकीचा आखाडा'.

१५/२६
मग प्रश्न असा, की रोमशी व्यापार करणाऱ्या सातवाहनकालीन महाराष्ट्राकडे पाहण्याच्या जागेसाठी कोणता शब्द होता? उत्तर नाशिकच्या लेण्यात आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या प्रशस्तीत तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याला उत्सव आणि 'समाज' भरवणारा म्हटले आहे. येथे 'समाज' म्हणजे लोकांचा खेळतमाशांसाठी भरलेला मेळा. त्याआधी अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात असे 'समाज' भरवू नयेत, त्यांत पुष्कळ दोष दिसतात, असे बजावले होते. काही समाज मात्र त्याला मान्य होते.

१६/२६
क्षणभर येथे थांबावे असा हा शब्द आहे. आज आपण ज्याला 'समाज' म्हणतो, तो शब्द एकेकाळी खेळ पाहायला जमलेल्या गर्दीचे नाव होता. एकत्र येऊन एकच गोष्ट पाहणारी माणसे हीच समाजाची एक जुनी व्याख्या. रोमने त्या गर्दीसाठी दगडी वर्तुळ बांधले. दख्खनमध्ये सातवाहन काळातले असे दगडी वर्तुळ सापडलेले नाही. येथे चैत्य आणि विहार दगडात कोरले गेले; मेळा मात्र माणसांच्या रिंगणावरच उभा राहिला आणि जत्रेबरोबर उठून गेला.

१७/२६
भारतात सर्व बाजूंनी पाहण्याची बांधीव जागा अजिबात नव्हती, असेही नाही. आंध्रातील नागार्जुनकोंडा येथे इक्ष्वाकू राजांच्या काळातील, म्हणजे इ.स.च्या तिसऱ्या-चौथ्या शतकातील एक आयताकृती क्रीडांगण सापडले. चारही बाजूंना पायऱ्यांची आसने. पुरातत्त्ववेत्त्यांनी त्याला कधी 'स्टेडियम', कधी 'ॲम्फिथिएटर' म्हटले. नागार्जुनसागर धरणामुळे मूळ जागा पाण्याखाली गेली आणि ही रचना अनुपू येथे पुन्हा उभारण्यात आली. आकार गोल नाही, तरी 'अम्फी'ची अट ती पूर्ण करते.

१८/२६
संस्कृत साहित्यातही कंसाच्या मथुरेतील मल्लरंगाचे वर्णन येते. हरिवंशात प्रेक्षकांसाठी उभारलेल्या 'मंचां'चा उल्लेख आहे. द्रौपदीच्या स्वयंवरातही राजे मंचांवर बसले होते. म्हणजे मंच ही प्रेक्षकांची उंच बैठक होती! आज मराठीत मंच म्हणजे वक्त्याची वा नटाची जागा. ग्रीक 'थेआट्रोन'चेही तसेच झाले: आधी प्रेक्षकांची जागा, मग सगळी इमारत, आणि शेवटी नाट्यकलाच. दोन्ही भाषांत प्रेक्षकाचे आसन हळूहळू नटाने व्यापले.

१९/२६
आता इंग्रजीकडे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द लॅटिनमधून इंग्रजीत आला तो रोमन वास्तूंचे नाव म्हणून. पुढे त्याच्या अर्थाला फाटे फुटत गेले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील पादुआ विद्यापीठात शवविच्छेदन पाहण्यासाठी लाकडी कठड्यांची गोलाकार चढती रचना झाली. विद्यार्थी उभे राहून खाली वाकून पाहत. अशा वास्तूंना 'ॲनाटॉमिकल थिएटर' वा 'ॲम्फिथिएटर' म्हणत. रुग्णाला 'थेटरात नेले' असे आपण आज म्हणतो, त्यातल्या थिएटरचा उगम हा: शस्त्रक्रियाही एकेकाळी प्रेक्षकांसमोर होत असे.

२०/२६
दुसरा फाटा सर्कशीचा. अठराव्या शतकात लंडनमध्ये फिलिप ॲस्टलीने घोडेस्वारीच्या कसरतींसाठी जी वास्तू उभारली, तिचे नावच 'ॲस्टलीज ॲम्फिथिएटर'. त्याने ठरवलेला ४२ फूट व्यासाचा गोल आजही सर्कशीचा प्रमाण गोल मानला जातो. तो गोल मराठी मुलखातही आला. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत 'ग्रेट इंडियन सर्कस' सुरू केली आणि सांगली-तासगावचा परिसर पुढे सर्कशींचे माहेर बनला. रोमन वर्तुळाचा हा तंबूतला अवतार गावोगाव हिंडला.

२१/२६
तिसरा फाटा डोंगरांचा. तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेल्या खोऱ्याला इंग्रजीत 'नॅचरल ॲम्फिथिएटर' म्हणतात. वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावरची अजिंठ्याची लेणी किंवा हरिश्चंद्रगडाचा अंतर्वक्र कोकणकडा यांना हे विशेषण लागते ते यामुळे. चौथा फाटा तिकिटाचा: लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये 'ॲम्फिथिएटर' म्हणजे सर्वांत वरच्या, स्वस्त जागा. अशा वापरांतून 'सभोवती' हा अर्थ झिजत गेला आणि उरली ती फक्त 'चढत्या पायऱ्या' ही खूण. उद्यानातले अर्धगोल ॲम्फिथिएटर या झिजलेल्या अर्थाचे अपत्य आहे. आजच्या इंग्रजीत हा वापर रूढ आहे, म्हणून तो चूक ठरत नाही. पण मूळ भेद विसरला जातो.

२२/२६
तो भेद डोळ्यांनी पाहायचा असेल, तर कोल्हापूरला जावे. १९०२ साली राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपला गेले होते. रोमचे कलोसियम पाहून त्यांना कुस्तीच्या मैदानाची प्रेरणा मिळाली, असे कोल्हापुरात सांगितले जाते. १९१२ साली खासबाग मैदान तयार झाले: मध्ये लाल मातीचा हौद आणि सभोवती बशीसारखी चढत गेलेली प्रेक्षकांची जागा. कोठेही बसले तरी कुस्ती दिसावी, हे त्याचे सूत्र. तीस हजारांहून अधिक माणसे मावतात असे हे मैदान शब्दाच्या मूळ अर्थाने ॲम्फिथिएटर आहे.

२३/२६
त्याला लागूनच महाराजांनी पॅलेस थिएटर बांधले. १९१३ साली काम सुरू झाले आणि १९१५ साली नाट्यगृह उभे राहिले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. मध्ये एकही खांब नाही, सर्व खुर्च्यांची तोंडे रंगमंचाकडे. म्हणजे कोल्हापुरात थिएटर आणि ॲम्फिथिएटर पाठीला पाठ लावून शेजारी उभे राहिले. क्यूरिओने खुंट्यांवर फिरवून जे साधले, ते येथे दोन स्वतंत्र वास्तूंनी साधले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत हे नाट्यगृह जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. कोल्हापूरकरांनी तो घाव घरातले माणूस गेल्यासारखा सोसला.

२४/२६
महाराज परदेशी असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा त्यांचा आदेश प्रसिद्ध झाला. मैदान आणि आदेश यांचा थेट कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. तरी दोन्हींमागचा प्रश्न सारखा आहे: कोणाला कोठे बसता येईल? कलोसियमची उतरंड जन्माने आणि धनाने ठरत होती. पाँपेईचा शिलालेख जागा फक्त वसाहतकऱ्यांना देत होता. ज्या राजाने कचेरीतील खुर्च्यांची वाटणी बदलली, त्यानेच प्रत्येक प्रेक्षकाला हौद दिसेल असे मैदान बांधले.

२५/२६
गावच्या फडाचे गोडवे गातानाही हेच तपासून पाहिले पाहिजे. मातीवरचे रिंगण दिसायला समान असले, तरी गावात कोणी कोठे बसावे हे जात ठरवत होती, आणि कुस्तीच्या फडात बाईमाणसाने फिरकू नये असा दंडक कित्येक ठिकाणी होता. रोमने स्त्रियांना सर्वांत वर बसवले. आपण त्यांना रिंगणाबाहेर ठेवले. महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा सांगलीत भरली ती २०२३ साली, आणि प्रतीक्षा बागडी विजेती ठरली. प्रेक्षकांच्या रांगेतही जिला जागा नव्हती, ती थेट हौदात उतरली.

२६/२६
सारांश: अर्धवर्तुळात सगळे एकाच दिशेला पाहतात, समोरचा सांगतो आणि बाकीचे ऐकतात. पूर्ण वर्तुळात खेळाच्या पलीकडे समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो. कोण बसले आहे, कोण उभे आहे, कोण आलेलेच नाही, हे कोणापासून लपत नाही. त्या दर्शनातून पाँपेईत दंगलही पेटली आणि त्याच दर्शनामुळे फडात कुस्तीचा निकाल खोटा ठरवता येत नाही. पाठ मातीला लागली की नाही, हे चारही बाजूंनी पाहिलेले असते. वाशीकडच्या एखाद्या गावात पुढच्या जत्रेला फड भरेल, तेव्हा त्याला कोणी ॲम्फिथिएटर म्हणणार नाही. शब्दाचा मूळ अर्थ मात्र तेथेच मातीवर बसलेला असेल.

तुमच्या गावच्या फडाला, रिंगणाला किंवा आखाड्याला कोणता खास शब्द आहे? उत्तरात जरूर लिहा. धागा आवडल्यास पुढे पाठवा. 🧵